नागपूरची मारबत आणि सुवर्णकिनाऱ्यावरचा आपो

श्रावणी अमावास्येस बैलांचा पोळा साजरा झाला की दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूरच्या इतवारीत पाऊल ठेवण्यास जागा उरत नाही. घरोघरची मुले तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल सजविण्यात गुंतलेली असतात, आणि मोठी माणसे रस्त्याच्या दुतर्फा, ओट्यांवर, गच्च्यांवर आणि दुकानांच्या पायऱ्यांवर खोळंबून उभी असतात. थोड्याच वेळात बांबूच्या सांगाड्यावर कागद व कापड चढवून केलेला, मनुष्याच्या उंचीहून कितीतरी मोठा असा एक काळा स्त्रीपुतळा गर्दीच्या लाटेवर डुलत येऊ लागतो. तीच काळी मारबत. दुसऱ्या बाजूने, जगनाथ बुधवारीतून, पिवळी मारबत निघालेली असते. दोघींची समोरासमोर गाठ पडते त्या क्षणी उठणारी आरोळी ज्याने एकदा ऐकली त्याला ती विसरता येत नाही. त्यांच्या मागेपुढे बडगे चालतात. हे पुरुषपुतळे होत. यांच्या गळ्यांत पाट्या असतात आणि त्या पाट्यांवर महागाईपासून लाचखोरीपर्यंत त्या वर्षीच्या साऱ्या तक्रारी रोखठोक शब्दांत लिहिलेल्या असतात. रोगराई, खोकला, पीडा, सारे काही घेऊन जा, असे मारबतीस ओरडून सांगितले जाते. मिरवणूक संपते आणि पुतळ्यांचे दहन होते.

नवख्या प्रवाशाने शेजारच्या माणसास विचारावे की, ही काळी बाई कोण? त्याला एक उत्तर मिळत नाही. एखादी वृद्ध बाई म्हणते, ही पूतना. बाळकृष्णाला विषारी स्तन्य पाजावयास आलेली राक्षसी. दुसरा म्हणतो, ही कोणी व्यक्ती नव्हे. ही गावाची इडापीडा, साथीचे रोग, दारिद्र्य. तिसरा मात्र निश्चयाने सांगतो की, ही भोसल्यांच्या घरची राणी बांकाबाई. तिने इंग्रजांशी संगनमत केले, म्हणून नागपूरकर तिला दर वर्षी जाळतात. या तिसऱ्या उत्तराने प्रवासी थबकतो, आणि थबकणे योग्यच आहे. पूतनेस जाळले तर कोणाचे काही बिघडत नाही. बांकाबाई ही मात्र खरोखरीच होऊन गेलेली स्त्री. तिचा जन्म, संसार, वैधव्य, कारभार व मृत्यू ही सर्व इतिहासात नमूद आहेत. तेव्हा एका शहराने तिच्यावर शिक्षा ठोठावली असेल तर आरोप काय होता आणि चौकशी कोणी केली, हे विचारणे भाग पडते.

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक दूरचे वळण घेतले पाहिजे. ज्या उत्सवात सारे गाव मिळून पीडा हाकलते आणि त्याच वेळी मोठ्यांची उणीदुणी काढण्याची मोकळीक घेते, असा उत्सव काही नागपूरपुरताच नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ज्यास युरोपीय व्यापारी सुवर्णकिनारा म्हणत व ज्याचे १९५७ मध्ये घाना हे स्वतंत्र राष्ट्र झाले, त्या मुलखात हा प्रकार दोनशेहून अधिक वर्षांच्या काळात वेगवेगळ्या प्रवाशांनी पाहिला आणि लिहून ठेवला. तेथील लोक या उत्सवाकडे कसे पाहतात हे समजल्यावर इतवारीतील पुतळ्याकडे अधिक नीट पाहता येते.

यांतला पहिला साक्षीदार विलेम बोस्मन नावाचा डच. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच कंपनीच्या नोकरीत त्याने त्या किनाऱ्यावर सुमारे चौदा वर्षे काढली. १७०४ मध्ये त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते पत्ररूप आहे. आक्सिम या बंदरगावी सैतानाला गावाबाहेर घालविण्याचा वार्षिक सोहळा आपण दोनदा पाहिला, असे तो सांगतो. आधी आठ दिवस गाणे, नाचणे आणि खाणेपिणे. या आठ दिवसांत लहानाने मोठ्याचे आणि मोठ्याने लहानाचे सारे दोष, लबाड्या आणि फसवणुकी उघड गाऊन दाखवाव्या. त्याबद्दल कोणास शिक्षा नाही, कोणी अडवीतही नाही. तोंडे बंद करण्याचा एकच उपाय, तो म्हणजे गाणाऱ्यास भरपूर मद्य पाजणे. मग निंदेची स्तुती व्हावयास वेळ लागत नाही, अशी मल्लिनाथी बोस्मन करतो. आठव्या दिवशी सकाळी सारे गाव आक्रोश करीत, दगड, लाकडे आणि घाण फेकीत सैतानाच्या पाठीस लागते, त्याला वेशीपलीकडे घालवून परत येते, आणि बायका घरातली लाकडी व मातीची भांडी घासूनपुसून लख्ख करतात. शंभरावर गावांतून हे एकाच वेळी चालते, असेही तो नमूद करतो.

बोस्मनचे वर्णन जिवंत आहे. त्यातला उपहास मात्र वाचकाने सावधपणे घ्यावयास हवा. ज्या कंपनीचा तो अधिकारी होता ती सोन्याबरोबर माणसांचाही व्यापार करीत होती आणि बोस्मनचा त्या व्यापारात प्रत्यक्ष हात होता. किनाऱ्यावरच्या गढ्यांतून गुलामांची जहाजे भरून देणारा मनुष्य गावकऱ्यांच्या सैतान हाकलण्याला हसतो, यातली विसंगती त्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही. त्याने डोळ्यांनी पाहिले ते खरे. त्या लोकांना मात्र त्याने काही विचारले नाही.

दुसरा प्रवासी थॉमस एडवर्ड बौडिच हा इंग्रज. १८१७ साली तो इंग्रज व्यापारी कंपनीच्या शिष्टमंडळाबरोबर किनारा सोडून अंतर्भागात, आशांती राज्याची राजधानी कुमासी येथे गेला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात तेथे नव्या सुरणासारख्या कंदाचा, याम याचा, मोठा वार्षिक उत्सव झाला. राज्यातले सारे सरदार लवाजम्यानिशी राजधानीत हजर झाले होते. रेशमी छत्र्या, ढोल, सोन्याचे अलंकार यांचे वर्णन करताना बौडिचची लेखणी थकत नाही. त्याच उत्सवात नरबळी दिले जात, हेही त्याने लपविले नाही. उत्सवाच्या दिवसांत चोरी, व्यभिचार, मारामारी यांना शिक्षा नसे, हे पाहून त्याला प्राचीन रोममधल्या शनिदेवाच्या जत्रेची आठवण झाली. प्रवाशाचे असेच होते. परका उत्सव पाहून तो घरातल्या एखाद्या खुंटीवर टांगतो आणि समजले असे समजतो. मराठी माणसाने हीच हकीकत वाचली तर त्याला रोम आठवणार नाही, शिमगा आठवेल.

बौडिच कुमासीत होता त्याच १८१७ सालच्या नोव्हेंबरात नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांचे आणि इंग्रजांचे युद्ध झाले. एकाच वर्षी इंग्रज कुमासीत तहाची बोलणी करीत होते आणि नागपुरात तह मोडल्याचे निमित्त करून लढत होते. कुमासीचे राज्य पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे टिकले. नागपूरचे छत्तीस वर्षांतच गेले.

तिसरा साक्षीदार सर्वांत मोलाचा. रॉबर्ट सदरलंड रॅट्रे हा स्कॉटिश कुळातला. जन्म मात्र हिंदुस्थानातला आणि तोही १८८१ सालचा, म्हणजे नागपुरात काळी मारबत ज्या वर्षापासून निघू लागली असे सांगतात त्याच वर्षीचा. योगायोगापलीकडे या गोष्टीत काही नाही, पण लक्षात राहते खरी. रॅट्रे हाही सरकारी अधिकारीच. १९०१ मध्ये इंग्रजांनी आशांती खालसा केल्यावर त्या लोकांच्या चालीरीती समजल्याशिवाय राज्य चालवता येत नाही हे सरकारास उमगले आणि १९२१ मध्ये रॅट्रेकडे ते काम सोपविण्यात आले. त्याला लोकांची भाषा येत होती, आणि बोस्मनला जे सुचले नव्हते ते त्याने केले: पाहिले आणि मग विचारले.

१९२२ साली त्याने आशांतीच्या उत्तरेस टेकिमान या गावी बोनो लोकांचा आपो उत्सव पाहिला. पुढल्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने या उत्सवास स्वतंत्र प्रकरण दिले आणि बोस्मनच्या जुन्या वर्णनाशी त्याचा सांधाही जुळवला. या उत्सवात बायका-पुरुष रस्त्यांतून धावत, नाचत, ज्याच्यावर राग असेल त्याच्या तोंडावर बोलून घेतात. यातून गावचा प्रमुखही सुटत नाही. बोनो लोक उंदीर खातात म्हणून आशांती त्यांना हिणवीत; तेव्हा राजकुळातल्या माणसासही उंदीर खाताना पाहिले, असा चिमटा गाण्यांतून काढला जाई. दोन शतकांपूर्वी आशांतींनी हा मुलूख जिंकला होता. हिणवणाऱ्याचा शब्द उचलून तो आपल्याच राजकुळावर उलटवावयाचा, यात केवढे मीठ आहे हे जिंकले गेलेल्या लोकांना सांगावयास नको. अखेरीस देवांची पीठे मिरवीत तानो नदीवर नेतात आणि पाणी शिंपडून पवित्र करतात. आपो या शब्दाचा संबंध रॅट्रेने कठोर बोलण्याच्या धातूशी लावला आहे. आणि याच सणाचे दुसरे नाव धुणे या अर्थाच्या धातूवरून आले असावे, असे तो सांगतो. बोलणे आणि धुणे ही दोन्ही एकाच सणाची नावे.

असे का करता, असे त्याने तेथील वृद्ध पुजाऱ्यास विचारले. त्या पुजाऱ्याचे उत्तर थोडक्यात असे. प्रत्येकाच्या ठायी सुन्सुम असतो. अंतरात्मा म्हणा, जीवतत्त्व म्हणा. कोणी आपला अपमान केला, कोणाचा द्वेष मनात साठला, की हा सुन्सुम आजारी पडतो आणि त्यापाठोपाठ शरीरही. ज्याने दुखवले त्याच्याविषयीचा संताप पोटात ठेवणे वाईट. आणि ज्याच्याविषयी दुसऱ्याच्या पोटात संताप आहे त्याचाही सुन्सुम त्याने पोळतो. म्हणून पूर्वजांनी वर्षातून एक काळ ठरवून दिला. त्या काळात स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र असो वा गुलाम, प्रत्येकाने मनातले बोलून मोकळे व्हावे; शेजाऱ्यास बोलावे, राजासही बोलावे. बोलणारा निवतो. आणि ज्यास बोलले तो राजाही निवतो.

या उत्तराचा शेवट फार विचार करण्यासारखा आहे. आपोमध्ये शिव्या खाणारा हजर असतो. त्याने तेथे बसावयाचे, ऐकावयाचे, आणि ऐकल्यानेच त्याचेही भले व्हावयाचे, अशी ती योजना आहे. आपल्याकडच्या शिमग्यात शिव्या पुष्कळ असतात, पण त्या हवेत सोडलेल्या असतात. त्यांना पत्ता नसतो. आपोची शिवी पत्त्यावर पोचते आणि पोचली म्हणजे संपते. दुसऱ्या दिवशी तिची आठवण काढावयाची नाही.

ही कसोटी हाती घेऊन आता पुन्हा इतवारीत येऊ.

मारबतीचे मूळ शहरात नाही, ते विदर्भाच्या खेड्यात आहे. पोळ्याच्या दिवशी दारापुढे पळसाच्या फांद्या, ज्यांना मेढे म्हणतात, उभ्या करावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या उपटून, घरातली पीडा त्यांच्याबरोबर जावो असे म्हणत, शिवेबाहेर नेऊन टाकावयाच्या, ही चाल गावोगाव आढळते. पोळा हा कुणब्याच्या वर्षातला मोठा सण. १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जातिजमातींविषयी मोठा ग्रंथ प्रसिद्ध करणारे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी पोळ्याच्या तोरणाखालून बैल नेण्याचा क्रम, त्यातला पाटलाचा मान आणि त्या मानावरून होणारी भांडणे यांची नोंद केली आहे. पावसाळा निम्मा सरलेला, शेतात तण माजलेले, डास आणि ताप घरोघर. अशा वेळी गावाने आपली पीडा एकत्र करून वेशीबाहेर टाकावी, हे आक्सिमच्या भांडी घासण्याइतकेच स्वाभाविक आहे. या चालीत बांकाबाई कोठेच नाही. खेड्यातल्या बाईला आपल्या मुलाचा खोकला घालवावयाचा असतो. भोसल्यांच्या राजकारणाशी तिला कर्तव्य नसते.

नागपुरात हीच चाल पुतळ्याच्या रूपाने मोठी झाली. काळी मारबत १८८१ पासून आणि जगनाथ बुधवारीतल्या तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत १८८५ पासून निघते, असे त्या त्या ठिकाणची परंपरा सांगते. पिवळी ही भाविकांच्या लेखी रक्षण करणारी. तिच्यापुढे बायका लेकरे आणतात, नवस बोलतात, आणि तरीही शेवटी तिलाही अग्नी मिळतो. पीडा पोटात घेऊन जाणाऱ्या देवतेस निरोप द्यावाच लागतो. काळीच्या वाट्याला मात्र केवळ तिरस्कार आला, आणि त्या तिरस्काराला केव्हा तरी एक नाव मिळाले.

त्या नावाची हकीकत आता पाहू. दुसरे रघूजी भोसले १८१६ च्या मार्चमध्ये वारले. बांकाबाई ही त्यांची राणी. गादीवर आलेले परसोजी दुबळे होते. कारभार चुलतभाऊ मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या हाती गेला. याच आप्पासाहेबांनी १८१६ च्या मे महिन्यात कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. कंपनीची पलटण नागपूरच्या खर्चाने नागपुरात आली ती या तहाने. पुढल्या वर्षी परसोजींचा खून झाला व आप्पासाहेब राजे झाले. त्यानंतर त्यांचे इंग्रजांशी फाटले, २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीची लढाई झाली, तीत त्यांचा पराभव झाला, आणि १८१८ मध्ये त्यांना पदच्युत करून कैदेत पाठविले असता ते वाटेतून निसटले.

मागे उरले ते एक मोडके राज्य, एक अल्पवयी मुलगा आणि एक विधवा. दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा यास तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसविण्यात आले आणि त्याच्या वतीने बांकाबाई पाहू लागली. खरी सत्ता रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या हाती होती, हे तीही जाणून असावी. १८२६ मध्ये राजा वयात आला तेव्हा तह नव्याने झाला. त्यानंतर सत्तावीस वर्षे राज्य कसेबसे चालले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीने वारस नाही या सबबीवर राज्य खालसा केले.

या वेळी बांकाबाईने काय केले? तिने विरोध केला. राणीवशातील स्त्रियांसह तिने दत्तकाचा हक्क मागितला, अर्जांवर अर्ज पाठविले. उत्तर म्हणून वाड्यातला खजिना, जवाहीर, हत्ती, घोडे, बैल सरकारने ताब्यात घेतले. जनावरे नागपुरातच विकली गेली आणि दागिने लिलावासाठी कलकत्त्यास गेले. नागपूरकरांनी हे डोळ्यांदेखत पाहिले. १८८१ साली मारबतीच्या मिरवणुकीत चालणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला तो लिलाव आपल्या ऐन तारुण्यातला म्हणून आठवत असला पाहिजे.

तीन वर्षांनी सत्तावन्न साल उजाडले. जून महिन्यात नागपुरातील घोडदळाच्या शिपायांनी उठावाचा बेत केला. तो फसला आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. अशा वेळी लोकांचे डोळे वाड्याकडे लागले होते. वाड्यातली वृद्ध राणी मात्र इंग्रजांच्या बाजूस राहिली. आपल्या आप्तांना व मानकऱ्यांना तिने बंडापासून दूर राहण्यास बजावले. नागपूर शांत राहिले आणि त्या शांततेचा इंग्रजांना मोठा उपयोग झाला. पुढल्या वर्षी, १८५८ मध्ये, ती वारली. त्यानंतर इंग्रज सरकारने भोसल्यांच्या दत्तकाला राजाबहादूर हा किताब व देऊरची जहागीर दिली. सीताबर्डीच्या फाशांनंतर वाड्याला मिळालेले हे बक्षीस लोकांच्या डोळ्यांत सलले नसते तरच नवल.

आरोप हा असा आहे, आणि तो खोटा नाही. १८५७ मध्ये बांकाबाईने जे केले त्याचे समर्थन देशाभिमानी मनाला करवत नाही. झाशीच्या राणीचे उदाहरण त्याच सालचे आहे. आशांतीतही १९०० साली एजिसूची राजमाता या आसान्तेवा हिने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, आणि सेशेल्स बेटांत कैदेत मृत्यू पत्करला. लोक अशांची गाणी गातात, आणि ज्या हात बांधून बसल्या त्यांचे पुतळे जाळतात.

तरीही हा खटला नीट चाललेला नाही. कंपनीची फौज नागपुरात आणणारा तह आप्पासाहेबांचा. पण सीताबर्डीस लढले म्हणून त्यांच्या नावाला अग्नी लागत नाही. राज्य गिळले डलहौसीने. पण त्याचा पुतळा रस्त्यावर जाळण्याची सोय १८८१ साली कोणास होती? मेलेल्या राणीचा पुतळा जाळण्यास कोतवालाची हरकत असण्याचे कारण नव्हते. ज्यांना इंग्रजांस शिवी द्यावयाची होती त्यांनी ती इंग्रजांच्या मित्रास दिली, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. आणखी एक गोष्ट आहे. मारबत ही परंपरेने बाईच. पूतना बाई, इडापीडा बाई. साचा आधी तयार होता. त्यात बसेल असा आरोपीही मग बाईच हवा होता. बांकाबाईचा अपराध मोठा असेल, पण या साच्यात तिच्या इतकी चपखल बसणारी दुसरी व्यक्ती भोसल्यांच्या घरात नव्हती, हेही तितकेच खरे. तिने १८५४ मध्ये लिहिलेले अर्ज या मिरवणुकीत कोणी वाचून दाखवीत नाही.

टेकिमानच्या पुजाऱ्यास ही रीत दाखविली असती तर तो बहुधा विचारता, जिला बोलता ती कोठे आहे? ती ऐकते का? तिचा सुन्सुम निवतो का? मेलेल्यास दिलेली शिवी परत येत नाही आणि संपतही नाही. म्हणूनच ती दर वर्षी द्यावी लागते. आपोमध्ये राग वर्षाला फेडला जातो. काळीच्या चितेवर तो वर्षाला नवा होतो.

मात्र येथेच प्रवाशाने काळीवरची नजर काढून मागून येणाऱ्या बडग्यांकडे पाहिले पाहिजे. बहुतेक प्रवासी तेवढे थांबत नाहीत. काळी आणि पिवळी यांची भेट झाली की त्यांना सण पाहिल्यासारखे वाटते. बडगे हे उत्सवाचे धाकटे अंग. ना त्यांना पुराण आहे, ना राणीची गोष्ट. पण पाटीवर लिहिलेली तक्रार चालू सालची असते. ज्याने तांदूळ महाग केला, ज्याने रस्त्याचे पैसे खाल्ले, ज्याने मते मागताना दिलेला शब्द गिळला, असे सारे त्या पाट्यांवर येतात. यांतले बरेचसे जिवंत असतात, गावातच असतात, आणि मिरवणूक कदाचित त्यांच्या घराजवळूनही जाते. परक्या सत्तेच्या काळात धर्माच्या आडोशाने लोकांना एकत्र येता यावे म्हणून ही मिरवणूक वाढली, असे नागपूरकर सांगतात. सत्ता बदलली तरी बडगे थांबले नाहीत. स्वराज्यात तर त्यांना आडोशाचीही गरज उरली नाही. टेकिमानचा आपो आजही भरतो, आणि त्याची खरी नागपुरी बहीण काळी मारबत नसून तिच्यामागे धापा टाकीत येणारा हा कागदी पुरुष होय.

दुपार कलू लागली की मिरवणूक पुढे सरकते. मुलांचे लाकडी बैल गल्ल्यांतून निघालेले असतात. दारातल्या पळसाच्या फांद्या केव्हाच शिवेबाहेर गेलेल्या असतात. वळणावर उभा असलेला पोलीस शिपाई एका बडग्याच्या गळ्यातली पाटी वाचतो. तीत त्याच्याच खात्याच्या हातओल्या व्यवहाराचा उल्लेख असतो. तो क्षणभर गंभीर होतो, मग हसतो, आणि काठी आडवी धरून पुतळ्याला पुढे जाण्यास वाट करून देतो.